५० मुलांचा वर्ग, ३५ मिनिटांचा तास: मुलांना इंग्रजी बोलतं करणारे उपक्रम

आधी साधा हिशेब मांडू. ३५ मिनिटांच्या तासातली ५ मिनिटं हजेरी आणि वह्या काढण्यात जातात. उरलेल्या ३० मिनिटांत निम्मा वेळ शिक्षकच बोलतात असं धरलं, तर मुलांच्या वाट्याला १५ मिनिटं येतात. पट ५० चा असेल आणि एकेकाला उभं करून प्रश्न विचारला, तर प्रत्येकाला १८ सेकंद मिळतात. त्यातही हुशार सात-आठ जण जास्त बोलणार, मागच्या बाकावरचे गप्प राहणार. तेच मुलांना १० मिनिटं जोडीजोडीने बोलायला लावलं, तर प्रत्येक मूल ४-५ मिनिटं बोलतं. म्हणून कोणताही उपक्रम निवडताना एकच प्रश्न विचारा: यात प्रत्येक मुलाच्या तोंडून किती वाक्यं निघणार? उत्तर दहापेक्षा कमी असेल, तर तो उपक्रम दिसायला कितीही छान असला तरी बाजूला ठेवा.

हा लेख नाशिक शहर आणि जिल्ह्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळांत, पाचवी ते आठवीला नव्याने इंग्रजी शिकवायला लागलेल्यांसाठी आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. त्यामुळे पाचवीतलं मूल कोरं नसतं. त्याला शब्द येतात, कविता पाठ असतात, फळ्यावरचं उतरवता येतं. अडतं ते स्वतःचं वाक्य जुळवताना. खालचे सगळे उपक्रम त्या एका अडचणीवर आहेत. सामान म्हणजे फळा, खडू, जुन्या वह्यांचे कोरे कागद आणि बाकांवरची मुलं. प्रोजेक्टर असेल तर ठीक, नसेल तर काही बिघडत नाही.

पहिला आठवडा: इंग्रजीआधी शिस्त

जोड्या बाकावरच्याच ठेवा. मुलांना इकडून तिकडे हलवायला गेलात की ५ मिनिटं गेलीच. खिडकीकडचा ‘अ’, दाराकडचा ‘ब’ असं एकदा ठरवून टाका आणि वर्षभर बदलू नका. चौघांचा गट हवा असेल तेव्हा पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या बाकाने मागे वळायचं. बाकावर तिघं असतील तर तिसऱ्याला रिकामं बसवू नका. तो कागदावर खुणा करील: कोणी किती पूर्ण वाक्यं बोललं. दर ३ मिनिटांनी ही जागा बदलायची.

मग थांबण्याची खूण. शिक्षकांनी हात वर करायचा आणि ‘फाइव्ह, फोर, थ्री, टू, वन’ असं मोजायचं. ‘वन’ला सगळे गप्प आणि सगळ्यांचे हात वर. पहिल्या दोन-तीन दिवसांत ही खूण मराठी गप्पांवरच घोटून घ्या: ‘शेजाऱ्याला सकाळी काय खाल्लं ते सांगा’, मग थांबवा, पुन्हा बोलायला लावा, पुन्हा थांबवा. खूण बसलेली नसताना जोडीकाम सुरू केलं की आवाज चढत जातो, शिक्षक ओरडतात आणि ‘आमच्या वर्गात हे जमत नाही’ असं ठरवून उपक्रम कायमचा बंद होतो. दोष उपक्रमाचा नसतो, खुणेचा असतो.

शेजारच्या वर्गावरच्या बाईंना किंवा सरांना आधी कल्पना देऊन ठेवा. ५० मुलं हळू बोलली तरी गुणगुण होणारच. मुख्याध्यापकांनाही एकदा तासाला बसायला बोलवा. बाहेरून ऐकणाऱ्याला तो गोंधळ वाटतो, आत बसणाऱ्याला काम दिसतं.

वर्गात मराठी बोलल्याबद्दल दंड, शिक्षा किंवा हसं करणं नको. सूचना कळली नाही तर एकदा मराठीत सांगा आणि पुढे चला. पेठ, सुरगाणा भागातल्या बऱ्याच मुलांच्या घरी कोकणा बोलली जाते. शाळेतली मराठी हीच त्यांची दुसरी भाषा असते. अशा मुलाने जोडीदाराशी घरच्या भाषेत दोन शब्द बोलून अर्थ समजून घेतला, तर त्याला अडवू नका. अट एवढीच की उपक्रमातलं वाक्य इंग्रजीतच म्हणायचं.

सुरुवात ऐकण्यापासून: सांगा आणि करा

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत मांडली. मूल आधी आज्ञा ऐकतं, शरीराने ती पाळतं, बोलणं नंतर येतं. बुजऱ्या मुलांसाठी याहून चांगली सुरुवात नाही, कारण पहिल्या तीन फेऱ्यांत त्यांना तोंड उघडावंच लागत नाही.

प्रत्येकाच्या बाकावर पाच वस्तू हव्यात: पेन, खोडरबर, वही, दप्तर आणि डबा. फळ्यावर चारच शब्द लिहा: इन, ऑन, अंडर, बिहाइंड.

पहिल्या फेरीत शिक्षक म्हणतात ‘पुट द पेन अंडर द नोटबुक’ आणि स्वतः करून दाखवतात. दुसऱ्या फेरीत शिक्षक म्हणतात, मुलं करतात, शिक्षकांचे हात मागे. तिसऱ्या फेरीत क्रम मोडायचा आणि न ऐकलेल्या जोड्या द्यायच्या: ‘पुट द नोटबुक अंडर द पेन’. इथे खरी कसोटी लागते. आपल्याकडे ‘वहीखाली’ म्हणताना ‘खाली’ मागून येतं, इंग्रजीत ‘अंडर’ पुढे येतो. म्हणून बरीच मुलं दोन नावं ऐकतात आणि ‘अंडर’ चुकीच्या वस्तूला लावतात. ही चूक दिसली की समजावत बसू नका, तीच दोन वाक्यं उलटसुलट चार वेळा द्या. चौथ्या फेरीत ‘अ’ सांगतो, ‘ब’ करतो. ६ आज्ञा झाल्या की अदलाबदल.

सगळं मिळून १२ मिनिटं. याहून जास्त ताणलं की मुलं डब्याशी खेळायला लागतात.

मुख्य उपक्रम: बाजारभाव

वर्षभरात एकच उपक्रम नीट बसवायचा ठरवला तर हा बसवा. तत्त्व सोपं आहे: ‘अ’जवळ जी माहिती आहे ती ‘ब’जवळ नाही आणि ‘ब’जवळची ‘अ’ला ठाऊक नाही. त्यामुळे प्रश्न विचारल्याशिवाय गत्यंतर नसतं. ‘वॉट इज युवर नेम?’ असा प्रश्न रोजच्या जोडीदाराला विचारणं मुलांना खोटं वाटतं, आणि ते खोटंच असतं. इथे उत्तर खरोखर माहीत नसतं.

लासलगाव, पिंपळगाव बसवंत इथल्या बाजार समित्यांमुळे ‘आज काय भाव?’ हा प्रश्न आपल्या भागातल्या मुलांच्या कानावरचा आहे. चिठ्ठीवर आठ माल घ्या: ओनियन्स, टोमॅटोज, ग्रेप्स, पोमग्रॅनेट्स, कॅबेज, पोटॅटोज, चिलीज, ग्वावाज. ‘अ’च्या चिठ्ठीवर पहिल्या चारचे भाव लिहिलेले, बाकी चार जागा रिकाम्या. ‘ब’ची चिठ्ठी याच्या उलट. ५० मुलांसाठी २५ ‘अ’ आणि २५ ‘ब’ चिठ्ठ्या लागतात. एका पाठकोऱ्या कागदाचे चार तुकडे केले तर १३ कागदांत काम होतं. सातवी-आठवीला चिठ्ठ्या करत बसूच नका: दोन्ही याद्या फळ्याच्या दोन टोकांना लिहा, मुलांना उतरवायला सांगा, फळा पुसा. उतरवणं हेही काम आहेच.

भाव खरे नकोत, निवडलेले हवेत. पुढच्या जोड्या मुद्दाम पेरा: १३ आणि ३०, १४ आणि ४०, १५ आणि ५०. ‘थर्टीन’मध्ये जोर शेवटच्या भागावर असतो, ‘थर्टी’मध्ये पहिल्यावर. मुलं दोन्ही सारखंच म्हणतात आणि जोडीदार चुकीचा आकडा लिहितो. मग चूक शिक्षकांना दाखवावी लागत नाही, चिठ्ठ्या जुळवताना ती आपोआप समोर येते. एक ३९ आणि एक २५ सुद्धा ठेवा. ‘एकोणचाळीस’मधला चाळीस ऐकून मुलं ‘फोर्टी नाइन’ म्हणतात, आणि पंचवीसमध्ये आपण पाच आधी म्हणत असल्याने काही जण ‘ट्वेंटी-फाइव्ह’चे ५२ लिहितात. नाशिकच्याच नव्हे, कोणत्याही मराठी वर्गात हे दोन आकडे हमखास घसरतात.

फळ्यावर वाक्याचा साचा लिहा:

‘हाऊ मच इज अ किलो ऑफ ______?’
‘इट्स ______ रुपीज.’
‘सॉरी, कॅन यू से दॅट अगेन?’

पहिला साचा विचारपूर्वक निवडलेला आहे. ‘हाऊ मच आर द ओनियन्स?’ आणि ‘हाऊ मच इज द कॅबेज?’ असं ठेवलं तर प्रत्येक वेळी ‘इज’ की ‘आर’ या प्रश्नावर मूल अडतं. ‘अ किलो ऑफ’ घातलं की ‘इज’ पक्का होतो आणि मुलाचं सगळं लक्ष आकड्यावर राहतं. एका वेळी एकच अडचण द्यायची. तिसरं वाक्य मात्र विसरू नका. ते नसेल तर न ऐकू आल्यावर मूल मराठीत ‘काय?’ म्हणतं किंवा सरळ चिठ्ठीत डोकावतं.

आता क्रम. साचा सगळ्यांकडून तीनदा एकत्र म्हणवून घ्या. एका चुणचुणीत जोडीला पुढे बोलावून दोन मालांचे भाव विचारायला लावा. सूचना मराठीत समजावण्यापेक्षा हे ३० सेकंदांचं प्रात्यक्षिक जास्त कामाचं. दप्तर दोघांच्या मध्ये बाकावर उभं करा, म्हणजे चिठ्ठी दिसणार नाही. घड्याळ लावून ७ मिनिटं द्या. या ७ मिनिटांत शिक्षकांनी फळ्याजवळ थांबायचं नाही, रांगांमधून फिरायचं आणि कानावर पडलेल्या चुका हातातल्या कागदावर टिपायच्या. मध्ये कोणालाही थांबवून सुधारायचं नाही. मग चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून जुळवणी.

बिघडतं कुठे? चांगल्या जोड्या ४ मिनिटांत आटोपतात आणि दंगा करतात. त्यांच्यासाठी फळ्याच्या कोपऱ्यात पुढचं काम आधीच लिहिलेलं असावं: ‘यू हॅव १०० रुपीज. वॉट कॅन यू बाय?’ दुसरी गोष्ट, मुलं आखूड रस्ता शोधतात: ‘ओनियन?’ ‘थर्टी.’ काम झालं, इंग्रजी झालंच नाही. यावर उपाय म्हणजे पूर्ण वाक्य ऐकल्याशिवाय भाव सांगायचा नाही, हा नियम मुलांच्याच हातात द्या. ‘फुल सेंटेन्स, प्लीज’ असं शेजाऱ्याला ऐकवायला त्यांना फार आवडतं.

हाच साचा वर्षभर कपडे बदलून वापरता येतो. पुढच्या महिन्यात बसचं वेळापत्रक: सिन्नर, त्र्यंबकेश्वर, दिंडोरी, इगतपुरी, मनमाड. ‘वॉट टाइम डझ द बस टु सिन्नर लीव्ह?’ इथे ‘डझ’ बसतो. मराठीत प्रश्न करताना वाक्य तसंच ठेवून शेवटी ‘का’ लावला की भागतं, म्हणून ‘डू-डझ’ मुलांना निरर्थक वाटतात आणि सतत गळतात. नियम सांगून ते येत नाहीत. एका तासात वीसदा तोंडातून गेले की येतात.

धावतं श्रुतलेखन

वाचणं, लक्षात ठेवणं, बोलणं, ऐकणं, लिहिणं, सगळं एकाच खेळात. चौघांचे गट करा. व्हरांड्यात किंवा वर्गाच्या भिंतींवर एकच उतारा चार-पाच ठिकाणी लावा. एका उताऱ्यापाशी तीनहून जास्त गट आले की ढकलाढकली होते. अक्षर दोन हातांवरून वाचता येईल एवढं. उतारा २०-२५ शब्दांचा, चार-पाच वाक्यांचा. उदाहरणार्थ:

‘द गोदावरी बिगिन्स निअर त्र्यंबकेश्वर. इट फ्लोज थ्रू नाशिक सिटी. इट इज १,४६५ किलोमीटर्स लाँग. इट मीट्स द बे ऑफ बेंगॉल इन आंध्र प्रदेश.’

गटातला एक जण भिंतीपर्यंत जातो, एक वाक्य डोक्यात साठवतो, परत येऊन सांगतो, दुसरा लिहितो. प्रत्येक वाक्यानंतर भूमिका बदलायच्या, नाहीतर हुशार मूल चारही वाक्यं आणतं आणि बाकीचे बघत बसतात. नाव ‘धावतं’ असलं तरी धावायचं नाही; हात मागे बांधून चालायचं. भिंतीपासून ओरडून सांगायचं नाही. स्पेलिंग एकेक अक्षराने सांगायला हरकत नाही, उलट त्यात अक्षरांची नावं पक्की होतात.

तपासताना एकच गोष्ट पाहा: ‘बिगिन्स’, ‘फ्लोज’, ‘मीट्स’ यांच्या शेवटचा ‘एस’. बहुतेक गटांच्या कागदावर निदान एक तरी गळालेला असतो. भिंतीपासून बाकापर्यंत येताना मूल अर्थ आणतं, शेपूट मागे राहतं. मूळ उतारा दाखवून ‘कुठला आवाज हरवला?’ एवढंच विचारा. खेळायला १२ मिनिटं, तपासायला ५.

आवाजांसाठी ३ मिनिटं

तासाच्या सुरुवातीला, रोज नव्हे, आठवड्यातून दोनदा. फळ्याच्या डाव्या बाजूला ‘शिप’, उजव्या बाजूला ‘शीप’. शिक्षक म्हणतात, मुलं डावा किंवा उजवा हात वर करतात. मराठी लिहिताना आपण ऱ्हस्व-दीर्घ पाळतो, बोलताना सहसा पाळत नाही, म्हणून कानाला हा फरक शिकवावाच लागतो. नंतर ‘फिल-फील’, ‘बॅट-बेट’, ‘वेस्ट-व्हेस्ट’. डोळे मिटून हात वर करायला सांगा, नाहीतर सगळे पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीकडे बघून हात उचलतात.

आठवीसाठी पाहणी

सातपूर, अंबड भागातल्या शाळांत कामानिमित्त बाहेरून आलेल्या घरांतली मुलं बरीच असतात. तिथे हा प्रश्न छान चालतो: ‘हाऊ लाँग हॅव यू लिव्ह्ड हिअर?’ प्रत्येकाने आपल्या रांगेतल्या सहा जणांना विचारायचं आणि तक्ता भरायचा. पूर्ण वर्गभर फिरू देऊ नका, ५० मुलं एकदम उठली की बाकांमध्ये जागाच उरत नाही.

‘सहा वर्षांपासून’ मनात असल्याने ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स सिक्स इयर्स’ असं उत्तर येतं. फळ्यावर दोनच चौकटी आखा. ‘फॉर’च्या चौकटीत किती काळ: सिक्स इयर्स, टू मंथ्स. ‘सिन्स’च्या चौकटीत कधीपासून: २०१९, दिवाळी, जून. तक्ता भरून झाल्यावर प्रत्येकाने दोन वाक्यं लिहायची: ‘सीमा हॅज लिव्ह्ड हिअर फॉर फोर इयर्स.’ एका आड एक मुलाला उलटं, ‘सिन्स’ वापरून लिहायला सांगा.

वाचन आणि लेखन

धडा एकाने मोठ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी बोट फिरवायचं, याला वाचन म्हणता येत नाही. आधी दोन प्रश्न फळ्यावर लिहा, मग ३ मिनिटं मनात वाचायला द्या, मग उत्तर असलेल्या ओळीवर बोट ठेवायला लावा. बिस्किटाचा किंवा वॉशिंग पावडरचा रिकामा पुडा हाही चांगला उतारा आहे: वजन, किंमत, तारीख, पत्ता शोधा.

लेखनाला नेहमी बोलण्याच्या मागे ठेवा. बाजारभावाचा खेळ झाल्यावर त्याच शब्दांत पाच वाक्यं लिहायला पाचवीतल्या मुलालाही जड जात नाही. कोऱ्या पानावर ‘माय मदर’ लिहायला सांगितलं की गाइडमधला निबंध उतरतो.

वह्या तपासताना सगळ्या चुका लाल करू नका. आज फक्त ‘एस’, पुढच्या आठवड्यात फक्त कॅपिटल अक्षरं आणि पूर्णविराम. बोलण्यातल्या चुकांसाठी ती फिरताना टिपलेली यादी: तासाच्या शेवटी त्यातली चार वाक्यं नावाशिवाय फळ्यावर लिहा. दोन बरोबर, दोन चुकीची. जोडीने ओळखायची. चूक कोणाची ते सांगायची गरज नसते, ज्याची असते त्याला कळते.

वेळ आणि ऋतू

बोलण्याचे उपक्रम पहिल्या दोन तासांत ठेवा. पोषण आहारानंतरच्या तासाला मुलं जड झालेली असतात. तेव्हा धावतं श्रुतलेखन चालतं, शांत बसून ऐकणं चालत नाही. इगतपुरी, त्र्यंबक पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्याच्या छपरावर पाऊस सुरू झाला की शिक्षकांचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंतही पोचत नाही. त्या दिवशी लेखन आणि पुड्यांचं वाचन घ्या. निफाड, दिंडोरीकडे द्राक्षांच्या हंगामात हजेरी घटते, आणि दिवाळीनंतर कामासाठी बाहेर जाणाऱ्या कुटुंबांतली मुलं मध्येच जातात, मध्येच येतात. म्हणून कालच्या तासावर अवलंबून असलेला उपक्रम आखू नका. प्रत्येक उपक्रम त्याच तासात सुरू होऊन त्याच तासात संपला पाहिजे.

नोंद

एका तासात तीन मुलं निवडा आणि जोडीकामात त्यांच्याजवळ मिनिटभर थांबा. वहीत तीन रकाने पुरतात: पूर्ण वाक्य बोललं का, न कळल्यावर इंग्रजीत पुन्हा विचारलं का, जोडीदाराला त्याचं बोलणं कळलं का. बरोबर किंवा फुली, मार्क नकोत. आठवड्याला सहा तास असतील तर १८ मुलं होतात आणि तीन आठवड्यांत वर्ग पूर्ण होतो. आकारिक मूल्यमापनातल्या ‘तोंडी काम’ या साधनाला हीच नोंद चालते, त्यामुळे सत्र संपताना एका दुपारी ५० मुलांची तोंडी परीक्षा उरकावी लागत नाही. ज्या मुलापुढे दुसऱ्या फेरीतही तीनही फुल्या आल्या, त्याचा जोडीदार बदलून पाहा. शेजारी फार हुशार असेल तर कच्चं मूल त्याच्या आड लपतं. त्याला थोडंसंच पुढे असलेलं मूल शेजारी द्या.